दहावीनंतर इंजिनीअरिंग: डिप्लोमा की अकरावी-बारावी?

दोन्ही वाटांनी इंजिनीअरिंगची पदवी सहा वर्षांतच मिळते. डिप्लोम्याची 3 वर्षं आणि थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेऊन डिग्रीची 3, किंवा अकरावी-बारावीची 2 आणि डिग्रीची 4. त्यामुळे ‘डिप्लोमा केला की वर्ष वाया जातं’ असं कुणी सांगितलं तर मनावर घेऊ नका. खरा फरक आहे तो शाखा कधी ठरवायची आणि परीक्षेचा भार कसा पेलायचा यात.

डिप्लोमा जिथे होतो त्या पॉलिटेक्निकचा प्रवेश दहावीच्या गुणांवर कॅप फेऱ्यांतून (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) होतो, सीईटी म्हणजे प्रवेश परीक्षा नसते. पण सिव्हिल, मेकॅनिकल की कॉम्प्युटर, हे फॉर्म भरतानाच ठरवावं लागतं. सायन्स घेतलं तर तो निर्णय दोन वर्षं पुढे ढकलता येतो. मुलीच्या किंवा मुलाच्या डोक्यात मेडिकलचा विचार जरासाही असेल, तर डिप्लोमा नको. नीटसाठी बारावीला बायोलॉजी लागतं. आयआयटीचं ध्येय असेल तरीही अकरावी-बारावीच बरी, कारण जेईईचा सगळा अभ्यास त्या दोन वर्षांतलाच.

बारावीनंतर डिग्रीच्या प्रवेशासाठी राज्याची एमएचटी-सीईटी द्यावी लागते. तीत 180 मिनिटांत 150 प्रश्न सोडवायचे असतात. गणिताच्या प्रत्येक प्रश्नाला 2 गुण, फिजिक्स-केमिस्ट्रीला 1, एकूण 200. निगेटिव्ह मार्किंग नाही. साधारण 80 टक्के प्रश्न बारावीवर, बाकीचे अकरावीवर. ज्याला घड्याळ लावून पेपर सोडवण्याची सवय आहे, तो इथे बाजी मारतो. डिप्लोम्यात तोच भार सहा सेमिस्टरमध्ये वाटला जातो. पण विषय राहत गेले की ‘इयर डाऊन’ लागतं आणि वर्ष खरोखर जातं, हेही मुलांना आधीच सांगायला हवं.

डिप्लोम्याची मोठी जमेची बाजू म्हणजे हाताला लागणारं वळण. पहिल्याच वर्षी वर्कशॉपमध्ये फिटिंगचा ‘जॉब’, म्हणजे सरावाचा तुकडा, करायचा असतो. लोखंडी पट्टी व्हाइसमध्ये धरून कानशीने घासायची आणि गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावून उजेडासमोर धरायची. फटीतून उजेड दिसला की पुन्हा घासायची. ज्या मुलाला हे करताना वेळेचं भान राहत नाही, त्याला दोन वर्षं फक्त क्लासच्या नोट्समध्ये बसवणं मला अन्यायाचं वाटतं. ‘इंटिग्रेटेड’च्या, म्हणजे कॉलेज आणि क्लास एकत्र असल्याच्या, नावाखाली कॉलेजचं तोंडही न पाहता बारावी करणाऱ्यांना प्रयोगशाळा कुठून मिळणार?

घरची ओढाताण असेल तर आणखी एक गोष्ट मोलाची आहे. डिप्लोमा हातात आला की कनिष्ठ अभियंता पदाच्या परीक्षा देता येतात. नुसत्या बारावीवर ते दार उघडत नाही.

आता अडचणीची बाजू. थेट दुसऱ्या वर्षासाठी मंजूर जागांच्या 10 टक्के जादा जागा असतात, शिवाय पहिल्या वर्षाच्या रिकाम्या राहिलेल्या. म्हणजे 60 च्या वर्गाला हक्काच्या 6. पुण्याच्या सीओईपी किंवा मुंबईच्या व्हीजेटीआयसारख्या नामांकित कॉलेजांत रिकाम्या जागांच्या भरवशावर राहता येत नाही, डिप्लोम्याला उत्तमच गुण लागतात. दुसरं म्हणजे एम-थ्री, डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाचा गणिताचा पेपर. डिग्रीचं पहिल्या वर्षाचं गणित झालेलं नसतं, प्रवेशही बऱ्याचदा टर्म सुरू झाल्यावर होतो आणि हा पेपर अनेकांचा राहतो. डिप्लोम्याच्या शेवटच्या सुट्टीत गणित करून ठेवलं तर हे टळतं.

माझं मत स्पष्ट आहे. शाखेची ओढ पक्की असेल आणि सरकारी किंवा चांगलं अनुदानित पॉलिटेक्निक मिळत असेल, तर डिप्लोमा घ्यावा. केवळ सीईटीच्या भीतीने, मिळेल त्या खासगी पॉलिटेक्निकात मिळेल ती शाखा मात्र घेऊ नये. त्यापेक्षा अकरावी सायन्स कितीतरी बरं.

निर्णय होत नसेल तर दोन्हीकडचे फॉर्म भरून ठेवा, त्याला आडकाठी नाही. पॉलिटेक्निक निवडण्याआधी वर्कशॉप चालू असताना एक चक्कर मारा आणि शेवटच्या वर्षाच्या मुलांना विचारा, प्रॅक्टिकल खरंच होतात की जर्नल नुसतं उतरवून घेतात?