एका अक्षराची फोडणी

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात पुस्तके धुंडाळून झाली की पोटाकडे लक्ष जाते, आणि त्या सुमारास सापडेल अशा एका गल्लीत हे छोटे उपाहारगृह आहे. शेवटी एक तक्रार नोंदवायची असल्याने त्याचे नाव येथे देत नाही. मेन्यूकार्डावरचा प्रत्येक पदार्थ कोणत्या ना कोणत्या गाजलेल्या मराठी पुस्तकाच्या शीर्षकाची मोडतोड करून नामकरण झालेला आहे. अशा कोट्या मला सहसा दोन मिनिटांत नकोशा होतात. येथे मात्र मी महिन्याभरात दोनदा जेवलो.

कार्डावरची सर्वांत उत्तम कोटी 'वरणांगण' ही होय. विश्राम बेडेकरांच्या १९३९ सालच्या 'रणांगण'च्या आधी नुसता एक 'व' लावला, आणि महायुद्धाच्या तोंडावर युरोपातून निघालेल्या बोटीवरची ती करुण प्रेमकथा थेट वरणभातावर येऊन थांबली. मूळ शब्दाच्या एकाही अक्षराला धक्का लागलेला नाही. भात मऊ, वरणात हिंग बेताचा, वर तुपाची धार आणि कडेला लिंबाची फोड, एवढाच सरंजाम असूनही जेवण चोख होते. 'पिठारहस्य' हे थालीपीठ असून त्याखाली बारीक अक्षरांत 'मंडालेत नव्हे, मंडईत सुचलेले' असे छापले आहे. टिळकांनी 'गीतारहस्य' मंडालेच्या तुरुंगात लिहिले हे ज्याला ठाऊक आहे, त्याला येथे घास घशात अडकेपर्यंत हसू येते. ऑर्डर घेणाऱ्या मुलाला मी ठसक्यात 'एक पिठारहस्य' असे सांगितले, तेव्हा त्याने आत तोंड करून 'एक थालीपीठ' अशी हाक दिली, आणि माझा सगळा ठसका उतरला. थालीपीठ मात्र खमंग होते आणि मधल्या भोकाभोवतीचा भाग छान कुरकुरीत झाला होता.

'डोसला' या नावात विशेष काही नाही. गंमत त्याच्या वर्णनात आहे. 'उदाहरणार्थ चटणी, सांबार वगैरे' ही ओळ वाचताच नेमाड्यांच्या 'कोसला'तला, 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे'वाचून न बोलणारा पांडुरंग सांगवीकर समोरच्या खुर्चीवर येऊन बसल्यासारखा वाटतो. 'बनगरवडी'त केवळ एक काना गळाला आहे, म्हणून कोटी म्हणून ती देखणी आहे. पण माडगूळकरांच्या त्या धनगरांच्या वस्तीचे नाव घ्यायचे आणि ताटलीत बेसनाची कोथिंबीर वडी द्यायची, हे मला पटले नाही. निदान बाजरीचे पीठ तरी वापरायला हवे होते. 'पाणीपत'मधील सहा पुऱ्यांपैकी दोन टेबलावर येण्याआधीच फुटल्या होत्या आणि सांडलेल्या पाण्याची तर गणतीच नव्हती. हा विनोद मालकांनी योजलेला नसावा. 'यचहाति' या नावाच्या चहाविषयी न बोललेले बरे.

'श्यामची साय' हे बासुंदीचे नाव ऐकायला गोड आहे, परंतु मला ते खटकले. ज्या पुस्तकातील घरात दारिद्र्याने पाय पसरले आहेत, त्याच्या नावावर १६० रुपयांची वाटी विकताना थोडा संकोच असायला हवा होता. बासुंदी दाट होती आणि मी ती संपवली, हेही प्रामाणिकपणे नमूद करतो.

आता तक्रार. बिलावर सर्व पदार्थ आपापल्या सरळ नावांनी येतात, त्यामुळे ते कार्डाशी ताडून पाहणे सोपे जात नाही. घरी आल्यावर नव्हे, सुदैवाने तेथेच माझ्या लक्षात आले की कार्डावर १२० रुपयांना असलेला 'डोसला' बिलात 'डोसा, १४०' असा झाला होता. गल्ल्यावरच्या गृहस्थांना विचारले असता त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले, 'कार्ड जुन्या आवृत्तीचे आहे' असे शांतपणे सांगितले, आणि वीस रुपये काही परत केले नाहीत.