दोन टीबीच्या डबीत चौसष्ट जीबी

आधी हिशोब. जाहिरातीतल्या 'दोन घ्या, स्वस्तात घ्या' योजनेत दोन पोर्टेबल एसएसडी, म्हणजे फायली साठवायच्या खिशातल्या डब्या, ₹४,९९९. माल दारात आल्यावर पैसे देण्याचा जादा आकार ₹९९. डेटा रिकव्हरीवाल्याकडे पाठवायचं कुरिअर ₹२४०, त्याची तपासणी फी ₹१,५००. एकूण ₹६,८३८. शिवाय मी जत्रांमध्ये चित्रित केलेली दशावताराची, म्हणजे आमच्या कोकणी लोकनाट्याची, अठरा नाटकं गेली. त्यांच्यासाठी तक्रारीच्या अर्जात रकाना नाही.

खोट्या क्षमतेचा ड्राइव्ह, म्हणजे आत जागा थोडी आणि दाखवतो भरपूर, हा प्रकार वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांना तरी माहीत असेल. मलाही माहीत होतं. खोट्या पेन ड्राइव्हवरून मी स्वतः तिघा-चौघांना बोललेलो आहे. त्यामुळे "अरे तू कॉम्प्युटरातलो माणूस मा, तू कसो रे फसलंस?" हे वाक्य दोन महिने ऐकतोय. उत्तर खाली आहे. पटलं तर पटलं.

माझी जुनी १ टीबीची हार्ड डिस्क मरायला टेकली होती. 'करंट पेंडिंग सेक्टर', म्हणजे नीट वाचता न येणाऱ्या तुकड्यांचा, हा स्मार्टमधला (डिस्क स्वतःची तब्येत नोंदवते त्यातला) आकडा पंधरा दिवसांत ० वरून १६ आणि १६ वरून ४० वर गेला. हा आकडा चढायला लागला की डिस्कचा भरवसा संपला. तळकोकणात चार पावसाळे काढलेल्या डिस्कला मी दोष देत नाही, इथे यूएसबीच्या पिनांनासुद्धा हिरवं चढतं. आत वीस नाटकं होती. सरासरी चार तासांचं एक, १७ एमबीपीएसने (सेकंदाला १७ मेगाबिट) घेतलेलं, म्हणजे नाटकामागे ३०.६ जीबी आणि वीस नाटकांचे ६१२ जीबी. ढगात, म्हणजे क्लाउडवर, का नाही टाकलं, असं विचारणाऱ्यांनी आमच्याकडचा अपलोड बघावा. ४ एमबीपीएस. ६१२ जीबी चढवायला अखंड चौदा दिवस, आणि मधे लाईट जायला नको. इथे चौदा तास लाईट टिकली तर लोक एकमेकांना सांगतात.

जत्रा तोंडावर आलेल्या. नावाजलेल्या कंपनीची २ टीबी एसएसडी बारा हजारांच्या खाली दिसत नव्हती, आणि मोबाईलवर सारखी ही जाहिरात: २ टीबी, सेकंदाला १,०५० एमबी, ₹२,७९९, दोन घेतल्या तर ₹४,९९९. नाव एका प्रसिद्ध कंपनीचंच, फक्त मधलं एक अक्षर फिरवलेलं. किंमत बघून कळायला हवं होतं हे मान्य. मी मनाची समजूत घातली की हलक्या प्रतीच्या चिप असतील, वेग पडेल, आपल्याला साठवणीलाच तर हवीय. थोडं कळणाऱ्या माणसाचा हाच घात होतो. ज्याला काही कळत नाही तो एवढी सबब रचूच शकत नाही.

आता तो क्षण. डबी लॅपटॉपला लावली, विंडोजने क्षमता दाखवली: १.९५ टीबी.

खऱ्या २ टीबी ड्राइव्हवर दोन लाख कोटी बाइट असतात. विंडोज १,०२४ ने भागत जातं, म्हणून तिथे १.८१ दिसतं. 'दोनचे पैसे घेऊन एक पॉइंट एक्क्याऐंशी दिलं' म्हणून रडणाऱ्यांना हे गणित मी कितीदा समजावलंय. १.८१ दिसलं तर माल खरा असेलच असं नाही, पण १.९५ दिसलं तर आकडा कंट्रोलरमध्ये, म्हणजे ड्राइव्ह चालवणाऱ्या चिपमध्ये, कुणीतरी हाताने भरलाय. आणि १.९५ बघून मला काय वाटलं? बरं वाटलं! बाजारात मासेवालीने वाट्यावर एक बांगडा फुकट टाकावा तसं. त्या एका सेकंदाला मी अजून शिव्या घालतोय. तिथेच डबी काढून ठेवली असती तर नुकसान ₹५,०९८ वर थांबलं असतं.

दुसरी खूण वेगाची. कॉपी सेकंदाला २३ एमबीने चालली होती. यूएसबी २.० ची खरी मर्यादा ३५ ते ४० च्या आसपास असते, म्हणजे १,०५० वाली डबी जुन्या बैलगाडीच्या रस्त्यावर चालली होती. मी पोर्ट बदलला, लॅपटॉपला नावं ठेवली आणि झोपलो. सोबतच्या केबलच्या तोंडात निळं प्लास्टिक होतं, पण आत पिना चारच. खऱ्या यूएसबी ३ च्या मोठ्या प्लगमध्ये मागच्या बाजूला आणखी पाच असतात. बॅटरी मारून बघा, दिसतात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये खरी बाह्य एसएसडी बहुधा 'यूएसबी अटॅच्ड एससीएसआय' म्हणून येते, ही साधी 'मास स्टोरेज' म्हणून आली होती. क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या साधनात तर दिसलीच नाही. एकेकट्या खुणेला काहीतरी निर्दोष कारण असू शकतं. सगळ्या एकत्र आल्यावर नाही.

साडेसात तासांनी कॉपी पूर्ण. तपासलं नाही असं समजू नका. पहिली दोन नाटकं लावून पाहिली, झकास चालली. शेवटी उतरलेलं नाटकही लावलं, तेही चाललं. इथेच फसलो. अशा डबीत खरी जागा असेल तेवढीच लिहिली जाते आणि त्यापुढचं बहुधा सरळ फेकलं जातं, पण कंट्रोलर विंडोजला 'लिहिलं' असंच सांगतो. फायलींची नावं, आकार, तारखा हे सगळं ड्राइव्हच्या सुरुवातीला, म्हणजे खऱ्या भागात असल्यामुळे यादी जशीच्या तशी दिसते. आणि नुकतीच कॉपी झालेली फाइल लगेच उघडली की ती ड्राइव्हवरून येईलच असं नाही, विंडोज ती रॅममधल्या कॅशमधून काढून देऊ शकतं. मी बघत होतो ती रॅम. म्हणून ड्राइव्ह सुरक्षित काढायचा, मशीन बंद करून चालू करायचं, मग मधली आणि शेवटची फाइल उघडायची. त्याहून बरं म्हणजे दोन्हीकडच्या फायलींचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे फाइलीचा जणू बोटाचा ठसा, जुळवायचा. विंडोजमधलं सर्टयूटिल हे फुकटात करतं.

यानंतरचं सांगायला खरंच लाज वाटते. जुनी डिस्क रिकामी झाली म्हणून मी ती फॉरमॅट केली, आणि क्विक नव्हे, पूर्ण. खराब सेक्टर किती ते कळावं म्हणून. क्विक फॉरमॅटने फक्त यादी पुसली जाते, फोटोरेकसारख्या फुकट साधनानेसुद्धा बरंच परत काढता येतं. पण व्हिस्टापासून पुढच्या विंडोजमध्ये पूर्ण फॉरमॅट सगळीकडे शून्य लिहितो. रिकव्हरीवाल्याने ₹१,५०० घेऊन प्रामाणिकपणे हेच सांगितलं: शून्यातून काही निघत नाही. माझ्यापेक्षा कमी जाणणाऱ्याने क्विक केलं असतं आणि त्याची नाटकं वाचली असती.

आठ दिवसांनी वाडीतल्या पेटीवाल्या दादाने त्यातला एक ट्रिकसीन, म्हणजे रंगमंचावरच्या चमत्काराचा प्रसंग, मागितला तेव्हा सातव्या नाटकाची फाइल उघडली. काळा पडदा. आठवं, नववं, विसावं, सगळी तशीच.

मग डबी फोडली. नखाने उघडते. आत ६४ जीबीचं मायक्रोएसडी कार्ड, खडू घासल्यासारखं अक्षरं खरवडलेलं, एक यूएसबी २.० चा कार्डरीडर, गरम गोंदाचा गोळा आणि हातात वजन लागावं म्हणून चिकटवलेली लोखंडी पट्टी. ३०.६ च्या हिशोबाने ६४ मध्ये बरोबर दोन नाटकं बसतात. मी सुरुवातीला तपासलेली तीच दोन.

नवा ड्राइव्ह, पेन ड्राइव्ह, कॅमेऱ्याचं कार्ड, काहीही आणलं की त्यावर काही ठेवायच्या आधी तपासा. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू: ते खुणेचा डेटा लिहितं आणि वाचून पडताळतं. संपूर्ण २ टीबी २३ च्या वेगाने लिहायला पूर्ण दिवस जाईल, म्हणून त्यात मर्यादा टाकून आधी २०० जीबी तपासा, असल्या डब्यांचं पितळ बहुधा तेवढ्यात उघडं पडतं. तेवढ्यात पास झाली तरी विकत घेतलेला महाग ड्राइव्ह रात्रभर लावून पूर्ण तपासाच. घाई असेल तर व्हॅलिड्राइव्ह, ते सगळ्या क्षमतेवर जागोजागी नमुने लिहून काही मिनिटांत सांगतं. लिनक्सवर एफ३ संचातलं एफ३प्रोब आहे, पण त्याचा विध्वंसक पर्याय आतला डेटा उडवतो आणि चुकीच्या डिस्कचं नाव दिलंत तर तुमची स्वतःची डिस्क जाईल. विंडोजच्या चेकडिस्कवर विसंबू नका, ते यादी तपासतं, आणि यादी तर इथे शाबूतच असते.

आता सरकारी यात्रा. ठाण्यात पहिला प्रश्न: "पाच हजाराक एवढा?" दुसरा: "नाटकां म्हणजे पिक्चर काय?" तिसऱ्या प्रश्नाआधी मला सायबरकडे पाठवलं. सायबरवाले म्हणाले, तुमच्या खात्यातून कोणी पैसे चोरले नाहीत, वस्तू हातात मिळाल्यावर तुम्ही स्वखुशीने दिलेत, हा ग्राहकाचा विषय. ग्राहक मदतीच्या फोनवर विचारलं, विक्रेत्याचं नाव-पत्ता? तो पार्सलवर होता तो दुसऱ्या राज्यातला गाळा, पिनकोड तिसऱ्याच गावाचा. स्पीड पोस्टने पाठवलेली नोटीस 'पत्ता अपूर्ण' शेरा मारून परत. कुरिअरवाला म्हणाला, आम्ही पाकीट पोचवतो, आतलं आम्हाला माहीत नसतं, पाठवणाऱ्याशी बोला. पाठवणाऱ्याचा फोन बंद. पैसे मी कुरिअरच्या पोऱ्याच्या क्यूआरवर भरले होते, म्हणजे कागदोपत्री पैसे घेणारी कुरिअर कंपनी, आणि ती 'अधिकृत व्यापारी'. म्हणजे विकणारा कोणीच नाही, घेणारा मी एकटा! दाराशी पैसे द्यायची सोय सुरक्षित वाटते ना, ती कोणासाठी सुरक्षित आहे ते इथे कळतं. क्रेडिट कार्डाने घेतलं असतं तर बँकेकडे निदान व्यवहारावर वाद घालता आला असता.

पुन्हा ठाणं. या वेळी कागद छापून नेले. फसवणुकीचं कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ३१८ आहे, चारशेवीस नाही. दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्दीचं कारण सांगून नाकारता येत नाही, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३. साहेबांनी कागद उलटा-सुलटा करून पाहिला आणि "तुमी वकील काय?" एवढंच विचारलं. तिसऱ्या खेपेला साध्या अर्जावर शिक्का मिळाला. एफआयआर नाही, शिक्का. तोही एका तरुण शिपायामुळे. त्याने खिशातला स्वतःचा '१ टीबी' पेन ड्राइव्ह पुढे केला, जत्रेतल्या स्टॉलवर ₹३५० ला घेतलेला. तिथेच लॅपटॉपवर तपासला, ३२ जीबी निघाला. त्यानंतर खोलीतल्या आवाजात थोडा फरक पडला, कामात नाही.

पैसे थेट ऑनलाइन गेले असतील तर मात्र वेळ घालवू नका, त्याच तासात १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा, रक्कम पुढे सरकायच्या आत गोठवता येते. ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लागत नाही, स्वतः राहता त्या जिल्ह्यात दावा करता येतो, मुदत दोन वर्षं. फक्त समोरच्याचा पत्ता लागतो, आणि घोडं तिथेच पेंड खातं. म्हणून खोका फोडायच्या आधी बघा: आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी, महिना-वर्ष हे पॅक केलेल्या मालावर छापलेलं असायलाच हवं. २५६ जीबीवरच्या यूएसबी एसएसडीला बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) नोंदणीही लागते, त्यावरचा 'आर'ने सुरू होणारा क्रमांक बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून पाहता येतो. माझ्या खोक्यावर यातलं काहीच नव्हतं. होता तो चकचकीत सोनेरी स्टिकर. खोका उघडताना पार्सलच्या लेबलापासून सलग चित्रण करा, मधे कट नको. मी चित्रण केलं नाही. आयुष्यभर जत्रा चित्रित करणाऱ्याने.

दुसरी डबी लग्नाचं शूटिंग करणाऱ्या अण्णांना माझ्याच शिफारशीवर दिली होती. एक लग्न त्यात जाणार होतं, आदल्या रात्री जाऊन परत आणली. पैसे परत दिले. अण्णा काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

एक विनंती. गेल्या तीन हंगामांत वालावल, परुळे, मोचेमाड बाजूच्या जत्रांमध्ये कुणी मोबाईलवर नाटक घेतलं असेल, अर्धं, हललेलं, ७२० च्या प्रतीचं, नुसता पायपेटी-मृदंगाचा आवाज असला तरी चालेल, तर कळवा. व्हॉट्सॲपवर पाठवणार असाल तर व्हिडिओ म्हणून नको, तो दाबून बारीक होतो. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, एका फाइलला २ जीबीपर्यंत जागा मिळते. त्याहून मोठी असेल तर मी स्वतः ड्राइव्ह घेऊन येतो. तपासलेला.