पत्नीला घरात निम्मा हिस्सा देताना गेलेले २,२६,००० रुपये

घोडबंदर रस्त्यावरची आमची सदनिका २००९ सालच्या करारनाम्यानुसार एकट्या माझ्या नावावर होती. पत्नीची नोकरी तेव्हा सोलापूरला होती, कर्ज माझ्या पगारावर मिळाले होते, आणि तिचे नाव पुढे कधीतरी लावून घेऊ असे म्हणता म्हणता सोळा वर्षे निघून गेली. माझ्या हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर मात्र निम्मा हिस्सा बक्षीसपत्राने (मोबदला न घेता मालमत्ता देण्याच्या दस्ताने) तिच्या नावावर रीतसर करायचा, असे आम्ही ठरवले. मी खासगी कंपनीच्या लेखा विभागात एकतीस वर्षे काढली आहेत, म्हणजे दुसऱ्यांची व्हाउचर तपासण्यातच माझे आयुष्य गेले. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना हसायचे असेल त्यांनी आताच हसून घ्यावे.

ठाण्यातल्या एका दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर छत्रीखाली टेबल टाकून बसलेल्या एजंटने मला गाठले. पांढरा शर्ट, गळ्यात ओळखपत्राची पट्टी, तोंडात सतत ‘काका’. त्याने सदनिकेची किंमत ९२ लाख धरली, निम्मा हिस्सा ४६ लाख, त्यावर पाच टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे २,३०,०००. पण काकूंच्या नावावर होणार असल्यामुळे एक टक्का महिला सवलत, म्हणून १,८४,०००. नोंदणी फी ३०,००० आणि त्याचा मेहनताना १५,०००. महिलांना एक टक्का सवलत आहे हे मी २०२१ मध्ये वर्तमानपत्रात वाचले होते आणि नोंदणी फी ३०,००० हे २००९ च्या पावतीवरून माझ्या डोक्यात बसलेले होते. दोन्ही गोष्टी ऐकल्यासारख्या वाटल्या, म्हणून तिसरी, म्हणजे १,८४,००० चे मुद्रांक शुल्क, हीही खरी मानली. ती सवलत महिलेने घर विकत घेताना मिळते, नवऱ्याने बक्षीस देताना तिचा प्रश्नच येत नाही, हे मला कोणी सांगितले नव्हते आणि मी कोणाला विचारलेही नाही. मेहनतानाच्या १५,००० वर मात्र मी अर्धा तास घासाघीस केली, ते १२,००० वर आणले आणि घरी येऊन पत्नीला मोठ्या तोऱ्यात सांगितले. १,८४,००० वर चकार शब्द काढला नाही.

पैसे असे गेले : ५०,००० यूपीआयने आगाऊ, नंतर १,००,०००, दुसऱ्या दिवशी ६४,००० आणि १२,००० रोख. एकूण २,२६,०००. यूपीआयवर एका बाईचे नाव दिसले. विचारल्यावर ‘आमच्या मॅडमचे खाते आहे, चलन तिथूनच काढतो’ असे उत्तर मिळाले. सरकारी शुल्क मॅडमच्या खात्यात जात नाही. ते ग्रास या शासनाच्या ऑनलाइन भरणा प्रणालीवर चलन काढून थेट शासनाकडे भरले जाते आणि ते आपण स्वतः घरबसल्या भरू शकतो.

तरीही ज्या क्षणासाठी मी स्वतःला क्षमा करू शकत नाही, तो याच्या नंतरचा आहे. पत्नीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली असल्यामुळे त्याने ‘घरपोच नोंदणी’ सुचवली. गृहभेटीची तरतूद नोंदणी कायद्यात खरोखर आहे. पण त्यासाठी कार्यालयात कारण देऊन अर्ज करावा लागतो आणि शुल्काची पावती मिळते. आमच्याकडे एक तरुण टॅबलेट घेऊन आला, आम्हाला सोफ्यावर बसवून त्याने फोटो काढला, एका छोट्या यंत्रावर अंगठे घेतले आणि दस्ताच्या शेवटच्या पानावर सह्या घेतल्या. त्या पानावर दोन साक्षीदारांच्या सह्या आधीच झालेल्या होत्या. स्थावर मालमत्तेच्या बक्षीसपत्राला किमान दोन साक्षीदार लागतात, आणि साक्षीदार म्हणजे आम्हाला सही करताना पाहणारा माणूस; हे दोघे कोण, हे आम्हाला आजही माहीत नाही. २००९ मध्ये मी स्वतः निबंधकांसमोर बसलो होतो, कॅमेऱ्याकडे पाहिले होते, ओळखीसाठी आलेल्या दोघांना नंतर चहा पाजला होता. हे सगळे आठवत असूनही मी त्या तरुणाला पोहे खाऊ घातले. पत्नीने हळूच विचारले होते, ‘अहो, हे साक्षीदार कोण?’ मी म्हणालो, ‘त्यांचे नेहमीचे असतील.’

आठ दिवसांत शिक्के मारलेला दस्त आणि सूची क्रमांक २ (नोंदणीचा सारांश दाखवणारा उतारा) हातात आली. गृहनिर्माण संस्थेच्या सचिवांकडे शेअर सर्टिफिकेटवर नाव लावण्यासाठी कागद दिले, तेव्हा त्यांनी नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये तो दस्त क्रमांक टाकून पाहिला. तो एका दुकानगाळ्याच्या भाडेकराराचा निघाला. हे मला ४७ दिवस आधी, दहा मिनिटांत आणि फुकट करता आले असते.

खरी स्थिती अशी आहे की, महाराष्ट्रात निवासी मालमत्ता पती किंवा पत्नीला बक्षीस दिल्यास मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. महापालिका हद्दीतले अधिभार आणि नोंदणी फी यांचा हिशेब वेगळा होतो, पण तोही चलनावर स्वतंत्र ओळीत दिसतो. नुसते नोटरी केलेले बक्षीसपत्र घेऊ नका. नोंदणीशिवाय त्याने मालकी बदलत नाही. संस्थेत सहयोगी सभासद म्हणून नाव लावले म्हणजे हिस्सा मिळाला, असेही नाही. कर्ज चालू असेल तर बँकेची लेखी संमती आधी घ्या. बक्षीसपत्र एकदा झाले की मन बदलले म्हणून ते परत घेता येत नाही, तेव्हा ते करण्यापूर्वी नवरा-बायकोने नीट बोलून घ्यावे. हिस्सा दिल्यावर भाड्याचे उत्पन्न दोघांत वाटून कर वाचेल, हेही त्याच एजंटचे ज्ञान. मोबदला न घेता जोडीदाराला दिलेल्या घराचे उत्पन्न आयकरासाठी देणाऱ्याच्याच नावावर धरले जाते.

आता अधिकाऱ्यांविषयी. निबंधक कार्यालयात सांगण्यात आले की, बाहेर बसणाऱ्यांशी कार्यालयाचा संबंध नाही, आणि भिंतीवरच्या ‘दलालांपासून सावध राहा’ या फलकाकडे बोट दाखवण्यात आले. फलकापासून ते टेबल वीस पावलांवर होते. कार्यालयाचा शिक्का बनावट वापरला गेला, म्हणजे फसवणूक तुमचीही झाली आहे, तुम्हीच तक्रार करा, असे मी म्हणालो, तर ‘लेखी द्या, वरिष्ठांना पाठवतो’ असे उत्तर मिळाले. लेखी दिले. पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी हा दिवाणी वाद ठरला. दुसऱ्या दिवशी यूपीआय आहे म्हणून सायबर विभागाकडे पाठवण्यात आले. तिथे ‘माणसाला समोरासमोर भेटून पैसे दिलेत, हा सायबर गुन्हा कसा?’ असे विचारून परत पोलीस ठाण्यात धाडले गेले. १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन केला, पण त्या क्रमांकाचा खरा उपयोग पैसे गेल्या गेल्या होतो, इतक्या दिवसांनी खात्यात काय राहणार? भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये फसवणूक हा गुन्हा आहे, बनावट दस्त हा वेगळा गुन्हा आहे, हे मी कागदावर लिहून नेले, तर ड्यूटीवरच्या अधिकाऱ्याने ‘काका, तुम्ही वकील आहात का?’ असे विचारले. काका हा शब्द मला आता सहन होत नाही. सहा फेऱ्यांनंतर अर्जावर पोच मिळाली. गुन्हा नोंदवलेला नाही. उपायुक्त कार्यालयाला टपालाने प्रत पाठवली आहे आणि पुढचा मार्ग दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करण्याचा आहे, ज्यासाठी वकिलाची फी पुन्हा आमचीच.

त्या टेबलावरून ज्यांनी गेल्या दीड वर्षात बक्षीसपत्र किंवा हक्कसोडपत्र करून घेतले असेल, त्यांनी आपला दस्त क्रमांक आजच ई-सर्चमध्ये टाकून पाहावा. तो जुळला नाही, तर मोबाइलमधले व्यवहारांचे पुरावे आणि मूळ कागद सांभाळून पोलिसांकडे लेखी अर्ज द्यावा व पोच घेतल्याशिवाय उठू नये. कारण ‘दुसरा तक्रारदार आला तर बघू’ असे मला तोंडी सांगण्यात आले आहे.