सीआरटी-पी की सीआरटी-डी?
हृदयाचं पंपिंग (दर ठोक्याला डाव्या कप्प्यातून बाहेर पडणारा रक्ताचा वाटा) ३५ टक्के किंवा त्याहून कमी, औषधं पुरेशी चालूनही दम लागतो, आणि ईसीजीवरचा क्यूआरएस (हृदयाचे खालचे कप्पे आकुंचन पावताना उमटणारी खूण) जवळजवळ चार बारीक चौकोन रुंद, म्हणजे १५० मिलिसेकंद. अशा पेशंटला डॉक्टर सीआरटी सुचवतात, म्हणजे हृदयाच्या दोन्ही बाजू एकाच वेळी आकुंचन पावाव्यात म्हणून बसवायचं यंत्र. पी म्हणजे नुसता पेसमेकर, डी म्हणजे त्यात शॉक देण्याचीही सोय.

दोन्ही यंत्रांत सहसा तीन वायरी असतात. खरं काम तिसरीचं. ती शिरेतून डाव्या कप्प्याच्या बाहेरच्या अंगाला पोचते आणि मागे पडलेली भिंत वेळेवर आकुंचन पावते. इथवर पी आणि डी सारखेच. केअर-एचएफ या २००५ च्या अभ्यासात नुसत्या पी-नेही मृत्यू कमी झाले होते.

डी जीवघेणी लय ओळखून शॉकही देतं. तो छातीवर लाथ बसल्यासारखा लागतो, कधी विनाकारणही बसतो. शिवाय डबी मोठी, किंमत बरीच जास्त.

हार्ट अटॅकचा जुना व्रण असेल आणि वय फार नसेल, तर मी डी-च म्हणेन. धमन्या मोकळ्या असलेल्या वयस्क पेशंटसाठी मात्र पी-बद्दल जरूर विचारा. डॅनिश अभ्यासात (२०१६) अशा, धमन्यांचा आजार नसलेल्या पेशंटमध्ये शॉकच्या यंत्राने अचानक मृत्यू घटले, पण एकूण मृत्यूंत ठोस फरक दिसला नाही.