डॉइचलांड-तिकीट, सव्वादोन वर्षांनंतर: एक दंड माझा, एक बाबांचा

नोव्हेंबर २०२३ पासून माझ्याकडे डॉइचलांड-तिकीट, म्हणजे जर्मनीभर चालणारा महिन्याचा पास, आहे. घेतलं तेव्हा महिन्याला ४९ युरो जायचे, जानेवारी २०२५ पासून ५८ जायला लागले आणि जानेवारी २०२६ पासून ६३. दर भाववाढीला मी ‘आता बंदच करते’ म्हणते आणि सायकलीत हवा भरून ठेवते. सायकल अजून जिन्याखालीच आहे.

नव्याने जर्मनीत आलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. देशभरातल्या सिटी बस, ट्राम, भुयारी रेल्वे, एस-बान (शहर-उपनगरांतली लोकल) आणि रिजनल गाड्या या एका तिकिटावर सेकंड क्लासने कितीही वेळा चालतात. आयसीई, आयसी वगैरे लांब पल्ल्याच्या गाड्या यात येत नाहीत. सीमेपलीकडे साल्झबुर्ग आणि कुफ्श्टाइनच्या स्टेशनपर्यंतही चालतं, त्यामुळे ऑस्ट्रियात जेवून रात्री घरी परत, असले उद्योग आम्ही दोनदा केले. पाच तासांत चार गाड्या बदलायची हौस मात्र पाहिजे. बंद करायचं असेल तर महिन्याच्या १० तारखेच्या आत कळवावं लागतं, नाहीतर पुढच्या महिन्याचे पैसे खात्यातून गेलेच म्हणून समजा.

एवढ्यावर मी पाचपैकी साडेचार तारे दिले असते. सगळ्यात मोठी सोय म्हणजे डोकं चालवावं लागत नाही. कुठला झोन, पट्टीतिकिटाच्या किती पट्ट्या वापरायच्या, परतीचं काढायचं की दिवसभराचं, सगळं विसरायचं आणि गाडीत चढायचं. मीही विसरले, आणि दोन्ही दंड त्या विसरण्यातूनच आले. शहराचं आणि कंपन्यांचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नियम बहुतेक ठिकाणी सारखेच आहेत, आणि दोन्ही वेळा चूक आमच्याच घरातली होती.

पहिला दंड माझा. १ ऑगस्ट २०२४, गुरुवार, सकाळी ऑफिसला निघालेले. इथे स्टेशनला फाटक नाही, जिन्यापाशी टीसी उभा नाही. चेकर असतो तो जीन्स घातलेला, पाठीला सॅक, तुमच्याच शेजारी उभा. दार लागलं की खिशातून ओळखपत्र निघतं आणि ‘फारशाइने, बिट्टे!’ असा पुकारा होतो. मी रुबाबात मोबाइल पुढे केला. त्याच्या मशीनवर लाल. पुन्हा लाल. तारखेकडे पाहिलं तर स्क्रीनवर जुलैचं तिकीट. मध्यरात्री महिना बदललेला, अ‍ॅपने नवं तिकीट उतरवलेलं नाही आणि आम्ही बोगद्यात, नेटवर्क शून्य.

पैसे कापले गेले होते, सदस्यत्व चालू होतं, फक्त दाखवायला काही नव्हतं. त्याने माझं निवास परवान्याचं कार्ड घेतलं, शांतपणे नाव उतरवलं आणि ६० युरोंची चिठ्ठी हातात दिली. २०१५ पर्यंत हा आकडा ४० होता, तेव्हापासून ६० आहे. मी घाईघाईत मोडक्या जर्मनमध्ये नेटवर्कची कहाणी सांगायला लागले, तर म्हणाला, ‘इथे मी काही करू शकत नाही. आठवड्याच्या आत ग्राहक केंद्रात तिकीट दाखवा, ७ युरो लागतील.’

हे वाक्य इथल्या प्रत्येक मराठी माणसाने पाठ करावं. तुमच्या नावावरचा पास त्या वेळी खरोखर चालू होता, फक्त जवळ नव्हता किंवा दाखवता आला नाही, तर आठवड्याभरात तो दाखवून ६० चे ७ होतात. बॅटरी संपली, मोबाइल घरी राहिला, चिपकार्ड (मोबाइलऐवजी कार्डावरचं तिकीट) दुसऱ्या पर्समध्ये राहिलं, सगळ्याला हेच. गाडीत चेकरशी वाद घालून एक सेंटही कमी होत नाही.

मी पहिला हेलपाटा चुकीच्या खिडकीवर घातला. डॉइचलांड-तिकीट देशातल्या कुठल्याही विक्रेत्याकडून घेता येतं, पण दंडाचा हिशेब ज्या कंपनीच्या गाडीत पकडलं तिच्याकडे असतो. ज्यांच्याकडून तिकीट घेतलं त्यांच्या काउंटरवर पाऊण तास रांगेत उभी राहिले आणि ‘हे आमचं नाही’ ऐकून परत आले. चिठ्ठीच्या वरच्या कोपऱ्यात कोणाचा शिक्का आहे ते आधी वाचा. दुसऱ्या दिवशी योग्य जागी गेले. बाईंनी चिठ्ठीचा नंबर टाइप केला, तिकीट पाहिलं, ७ युरो घेतले, पावती दिली. चार मिनिटं.

ते ७ युरो मला झोंबले. पैसे भरलेले, तिकीट माझ्या नावावर, अ‍ॅप झोपलं, मग मी का भरायचे? विक्रेत्याला मेल केली. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, अगदी सभ्य: तपासणीच्या वेळी मोबाइल चालू असणं आणि तिकीट त्यावर दिसणं ही प्रवाशाची जबाबदारी आहे. अटींमध्ये लिहिलेलं होतं, आणि मी त्या न वाचता ‘मान्य’ दाबलं होतं. त्यावर चिडून उपयोग नव्हता. मोबाइलवरचं तिकीट बंद करून चिपकार्ड मागवलं. तेव्हापासून पहिल्या तारखेला धडधडत नाही. अर्धा तारा कापला आहे तो या अ‍ॅपसाठी.

आता दुसरा दंड, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

जून २०२५ मध्ये आई-बाबा दोन महिन्यांसाठी आले. बाबा एसटीत कंडक्टर होते, सिन्नर आगाराला. आयुष्यभर लाकडी ट्रे, त्यात रंगीत तिकिटांच्या गड्ड्या आणि हातात पंच. शेवटच्या वर्षांत मशीन आलं, तरी घरी बसल्या बसल्या त्यांची बोटं हवेत पंच करायची. त्यांना एकट्याने फिरता यावं म्हणून मी स्टेशनवरून चार फेऱ्यांची सुटी तिकिटं आणून दिली. ‘तिकीट खिशात ठेवा, कोणी मागितलं तर दाखवा,’ एवढं सांगितलं. ती तिकिटं चढल्या चढल्या मशीनमध्ये घालून शिक्का मारून घ्यायची असतात हे मी सांगितलंच नाही. स्वतःला दीड वर्षात एकदाही तो शिक्का मारावा लागला नव्हता, ते मशीनच मला दिसेनासं झालं होतं.

यात शहरागणिक फरक आहे. हॅम्बुर्गला मशीनमधून निघालेलं तिकीट तिथूनच चालू होतं, शिक्क्याची भानगड नाही. म्युनिकच्या पट्टीतिकिटाला शिक्का नसेल तर तो नुसता कागद. एका शहराची सवय दुसऱ्या शहरात नडते.

बाबा तुर्की दुकानातून कोथिंबीर आणायला निघाले. ट्रामने चार थांबे. तिसऱ्या थांब्यावर चेकर चढले. बाबांनी अभिमानाने तिकीट काढून दिलं. चेकरने उलटंसुलटं करून पाहिलं आणि मान हलवली. बाबांना वाटलं तारीख बघतोय. मग मला व्हॉट्सअ‍ॅपवर फोन आला, ऑफिसात, ऐन मीटिंगमध्ये: ‘अगं, हा तिकीट घेऊन बसलाय आणि तिकीट नाही म्हणतोय. तू बोल बरं.’

मी बोलले. चेकर तरुण होता, आवाज चढवला नाही. म्हणाला, ‘तुमचे वडील खरं बोलत असतील. पण या तिकिटावर नाव नाही, वेळ नाही. उद्या हेच तिकीट पुन्हा वापरता येईल, दुसरा कोणीही वापरू शकेल.’ पुढे काय बोलायचं ते मला सुचेना. बाबांकडे पासपोर्टची झेरॉक्स होती, त्यावरून नाव लिहिलं आणि चिठ्ठी दिली. बाबा कोथिंबीर न घेता घरी आले.

रात्री ते एकच वाक्य वेगवेगळ्या प्रकारे म्हणत राहिले: ‘पंच करणं कंडक्टरचं काम. पॅसेंजरने स्वतःचं तिकीट स्वतः पंच करायचं?’ मी म्हटलं, इथे कंडक्टरच नसतो. ते म्हणाले, ‘आमच्याकडे पथकाला विनातिकीट पॅसेंजर सापडला तर पॅसेंजर दंड भरून घरी जायचा, आणि रिपोर्ट कंडक्टरवर व्हायचा. इथं रिपोर्ट कोणावर?’ माझ्यावर, हे मी मनातल्या मनात म्हटलं.

माझे सात युरोंवर निभावले, मग बाबांचेही निभावतील अशी माझी खात्री होती. केंद्रात तिकीट घेऊन गेले. त्याच बाई. त्यांनी तिकीट हातातही घेतलं नाही. सवलत फक्त नावावरच्या पासाला आहे. सुटं तिकीट नंतर आणून दाखवलं तर ते त्या वेळी खिशात होतं की आत्ता मशीनमधून काढलं, हे कोणाला कळणार? माझं डोकं तापलेलं होतं तरी मुद्दा बरोबर होता.

मग पत्र लिहिलं. पहिल्या मसुद्यात सगळं घातलं: वय, पहिलाच परदेश प्रवास, एसटीतली नोकरी, भाषा येत नाही, गुडघेदुखी. ऑफिसातल्या जर्मन मैत्रिणीने वाचून पेन घेतलं आणि निम्म्याहून जास्त खोडलं. चिठ्ठीचा नंबर, तारीख, वेळ, ट्रामचा नंबर, कुठे चढले, तिकीट किती वाजता घेतलं, काय मागणं आहे. ‘गुडघा राहू दे,’ म्हणाली, ‘पण शेवटी.’

नियम तिनेच शोधून दिला. ट्राम आणि बससाठी २७ फेब्रुवारी १९७० ची केंद्र सरकारची नियमावली आहे, तिचं नववं कलम या दंडाचं. त्यात एक फट आहे: तिकीट घेणं किंवा शिक्का मारणं ज्या कारणाने राहिलं, त्याला प्रवासी जबाबदार नसेल तर दंड लागू होत नाही. मशीन बंद होतं, हे त्यातलं सरळ उदाहरण. म्हणून शिक्क्याचं मशीन बंद दिसलं तर आधी त्याचा फोटो काढा, वेळ आणि डब्याचा नंबर टिपा, मग बसा. आमच्या बाबतीत मशीन ठणठणीत होतं. मी लिहिलं की सूचना फक्त जर्मनमध्ये होती, मशीन कसं वापरायचं हे नवख्याला कळणं शक्य नव्हतं.

अडीच आठवड्यांनी उत्तर. नियम माहीत नसणं हे प्रवाशाच्या जबाबदारीबाहेरचं कारण नाही. हेतूवर शंका नाही, पण दंडासाठी हेतू पाहिला जात नाही. शेवटी छापील ओळ: रक्कम एकदम भरणं अवघड असल्यास दोन हप्ते करून मिळतील.

ते हेतूचं वाक्य मी बरेच दिवस चघळत होते. इथे मुद्दाम फुकट प्रवास हा फौजदारी गुन्हाही आहे, दंडसंहितेचं २६५अ कलम, एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. त्यासाठी मात्र भाडं न देण्याचा हेतू होता हे सिद्ध करावं लागतं. साठ युरोंना ते लागत नाही. म्हणजे ‘मी चोर नाही’ असं तुम्ही पानभर लिहिता तेव्हा ज्या आरोपाला उत्तर देता, तो समोरच्याने केलेलाच नसतो. आपण मराठी माणसं दंड म्हटलं की अब्रूवर घेतो. त्यांच्या लेखी ती चुकीच्या पार्किंगसारखी बाब. पूर्वी अशा प्रवाशाला सरसकट ‘श्वार्त्सफारर’, काळा प्रवासी, म्हणायचे. काही कंपन्यांनी अलीकडे तो शब्दही सोडून दिला आहे.

दुसरं पत्र नियम बाजूला ठेवून लिहिलं. त्यात ‘कुलांट्स’ मागितला. हा शब्द लक्षात ठेवा: हक्क नसताना कंपनीने स्वखुशीने दिलेली सूट. काही ओळखीच्यांना मिळाली आहे. विमानाचा बोर्डिंग पास जोडला, बाबांना येऊन चारच दिवस झाले होते हे दिसावं म्हणून. उत्तर पुन्हा नाही. पुढची पायरी म्हणजे प्रवाशांचे तंटे सोडवणारी बर्लिनची संस्था. प्रवाशाकडून ती पैसे घेत नाही, पण कंपनी तिच्याशी जोडलेली असावी लागते. मी फॉर्म उघडला होता. बाबांनीच थांबवलं: ‘चेकरने खोटं काही लिहिलं का? नाही ना? मग भर.’ मुदतीच्या आदल्या दिवशी भरले. मुदत चुकवू नका, तक्रार चालू असली तरी. स्मरणपत्राचा खर्च वाढतो, मग वसुलीवाल्यांचं पत्र येतं, आणि ती भाषा आणखी वाईट असते.

ते बिनशिक्क्याचं तिकीट बाबा सिन्नरला घेऊन गेले. जुन्या आगारातल्या मंडळींना दाखवून ‘साठ युरोचं तिकीट’ म्हणतात आणि रुपयात किती होतात ते त्यांच्याकडून काढून घेतात.

येत्या मे महिन्यात दोघं पुन्हा येणार आहेत. या वेळी सुट्या तिकिटांच्या वाटेला जात नाही, दोघांच्या नावाने डॉइचलांड-तिकीट घेणार आहे आणि १० तारखेचा अलार्म आत्ताच लावून ठेवला आहे. फोनवर हे सांगितलं तर बाबांनी दोनच प्रश्न विचारले. पंच करायचं का? नाही, म्हटलं. नाव असतं का त्यावर? असतं, म्हटलं.

‘मग पासपोर्टवर आहे तसं घाल,’ म्हणाले, ‘वडिलांच्या नावासकट.’