मडगावजवळील डायलिसिस तंत्रज्ञ पदविका: एका माजी विद्यार्थ्याचा अभिप्राय

मडगावजवळच्या एका खासगी संस्थेतून मी डायलिसिस तंत्रज्ञाची दोन वर्षांची पदविका पूर्ण केली आहे. बारावीनंतर या क्षेत्राचा विचार करणाऱ्या गोव्यातील मुलामुलींना उपयोग व्हावा, म्हणून हा अभिप्राय लिहीत आहे.

अभ्यासक्रमाची सर्वांत भक्कम बाजू म्हणजे पाण्याच्या शुद्धतेचे शिक्षण. डायलिसेटचा, म्हणजे रक्त शुद्ध करण्यासाठी पाण्यापासून बनवलेल्या द्रवाचा, प्रवाह मिनिटाला ५०० मिलिलिटर धरला, तर चार तासांत १२० लिटर द्रव रुग्णाच्या रक्तापासून केवळ एका पातळ पडद्याच्या अंतरावरून वाहतो. पिण्याच्या पाण्यात चालणारे क्लोरामाइन हे क्लोरीनयुक्त जंतुनाशक येथे तांबड्या पेशी फोडते आणि आरओ जलशुद्धीकरण यंत्राचा पडदाही ते पुरेसे अडवत नाही. म्हणून आमचे शिक्षक क्लोरामाइन काढून टाकणाऱ्या कार्बन टाकीतून आलेल्या पाण्याची चाचणी आम्हालाच करायला लावत, आणि क्लोरामाइनसह एकूण क्लोरीन लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमच्या आत असल्याची नोंद झाल्याशिवाय एकही यंत्र रुग्णाला जोडू देत नसत. वीज गेली आणि यंत्राची बॅटरीही संपली, तर रक्तपंप हाताने फिरवून नळ्यांतील रक्त रुग्णाला परत कसे द्यायचे, हेही त्यांनी अंगवळणी पडेपर्यंत करून घेतले. गोव्याच्या पावसाळ्यात ही तयारी अत्यावश्यक आहे.

फिस्टुलात, म्हणजे डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने जोडून तयार केलेल्या हातातील रक्तवाहिनीत, सुई टोचण्याचा सराव मात्र फार अपुरा होता. विद्यार्थी अधिक आणि यंत्रे मोजकीच असल्याने आम्ही बहुतेक वेळ पाहत उभे राहत असू, आणि न केलेल्या कामांवरही सरावाच्या नोंदवहीत सह्या होत, ही गोष्ट मला आजही गंभीर वाटते. सुई चुकली तर रक्त त्वचेखाली साचते, प्रसंगी फिस्टुलाच बंद पडतो, आणि त्याची किंमत रुग्ण मोजतो.

शिकवणी इंग्रजीतून होती. कोकणीत बोलणाऱ्या वयस्कर रुग्णाला यंत्राचा गजर का वाजला हे समजावणे आम्हाला कोणीच शिकवले नाही.

२०२१ च्या केंद्रीय कायद्यानुसार संलग्न आरोग्य व्यावसायिकासाठी, म्हणजे उपचारांत साहाय्य करणाऱ्या तंत्रज्ञासारख्या कर्मचाऱ्यासाठी, किमान २००० तासांचे शिक्षण अपेक्षित आहे. प्रवेशापूर्वी त्यातील किती तास प्रत्यक्ष रुग्णांजवळ जातात, एका यंत्रामागे किती विद्यार्थी असतात आणि नोंदवहीवर सही करणारी व्यक्ती त्या वेळी शेजारी उभी असते का, हे विचारावे. समाधानकारक उत्तर मिळाले, तरच या संस्थेत शुल्क भरावे.