रजा संपतेय, पंप कोणता घेऊ? हात, हातपंप, डबल इलेक्ट्रिक आणि ब्रामधला पंप

बाळंतपणाची रजा संपायला तीनेक आठवडे उरले की "दूध काढायचा पंप कोणता घेऊ?" हा प्रश्न सुरू होतो. मीही तिथूनच सुरुवात केली आणि चुकले. आधी मोजायचे ते दोन आकडे: बाळापासून तुम्ही किती तास लांब असणार, आणि त्या वेळात निवांत वीस मिनिटं किती वेळा मिळणार. मशीन त्यानंतर.

पहिल्या आकड्याचा हिशोब सोपा आहे. एक ते सहा महिन्यांचं, फक्त अंगावर पिणारं बाळ दिवसाला सरासरी ७५० मिलीच्या आसपास दूध पितं. कुणी सहाशेवर भागवतं, कुणी नऊशेपर्यंत जातं. पहिल्या महिन्यानंतर हा आकडा फारसा वाढत नाही. वरच्या दुधाच्या डब्यावर वयाबरोबर चढत जाणारं कोष्टक असतं, ते आपल्या दुधाला लावू नका, उगाच धडकी भरते. ७५० ला २४ ने भागलं की तासाला साधारण ३० मिली. प्रवास धरून दहा तास बाहेर असाल तर ३०० मिली, म्हणजे शंभर-शंभरच्या तीन बाटल्या. त्यासाठी फ्रीझर गच्च भरायची गरज नाही. पहिल्या दिवसाचं दूध आणि वर एका दिवसाचा साठा पुरतो.

दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा. छाती रिकामी होते तसं दूध तयार होतं. ती तास न् तास भरलेली राहिली की शरीर समजतं, एवढी गरज नाही, आणि हात आखडता घेतं. म्हणून बाळ जितक्या वेळा प्यायलं असतं साधारण तितक्या वेळा काढायचं, दहा तासांत तीनदा. निघायच्या आधी आणि घरी आल्या आल्या अंगावर घेतलंत तर कित्येकींचं दोनदा काढूनही निभतं.

आता चौघांकडे बघू

हाताने काढणं कुणी पर्याय म्हणून मोजतच नाही, पण ते प्रत्येकीला यायला हवं. अंगठा एका बाजूला आणि बोटं समोरच्या बाजूला, बोंडापासून दोन-तीन सेंटिमीटर मागे. आधी छातीच्या दिशेने आत दाबायचं, मग बोटं जवळ आणायची, सोडायचं. त्वचेवरून घासत पुढे यायचं नाही. वायर घरी विसरली, बॅटरी बसली, तर हेच वाचवतं. पंप झाल्यावर दोन मिनिटं हाताने काढलं तर मागे राहिलेलं घट्ट, जास्त स्निग्ध दूधही निघतं. रोज तीन वेळा निव्वळ हातावर भागवणं मात्र सगळ्यांना जमत नाही.

हातपंप शांत, हलका, धुवायला सोपा. जोर आपल्या हातात असतो, त्यामुळे दुखलं की लगेच सैल करता येतं. अर्धवेळ काम असेल, दिवसातून एकदाच काढायचं असेल, तर यापुढे काही घेऊ नका. पूर्णवेळ नोकरीला तो पुरा पडत नाही. एका वेळी एकच बाजू होते म्हणून वेळ दुप्पट लागतो, आणि बाळाला उचलून उचलून मनगट आधीच दुखत असतं, त्यात दिवसातून तीनदा ही दाबादाबी.

डबल इलेक्ट्रिक दोन्ही बाजू एकदम घेतो, पंधरा-वीस मिनिटांत मोकळं करतो. आधी भरभर हलके झटके देतो, बाळ सुरुवातीला चोखतं तसे, आणि पान्हा सुटला की सावकाश, खोल ओढतो. हँड्स-फ्री ब्रा घातली की हात मोकळे. तोटेही आहेत: घरघर आवाज, नळ्यांचा पसारा, आणि दार बंद होईल अशी जागा लागतेच. आठवड्याचे पाच-सहा दिवस, आठ तासांहून जास्त बाहेर असाल तर माझं मत यालाच.

आता ब्रामध्ये बसणारा, बिनवायरचा. जाहिरातीत बाई मीटिंगमध्ये हसत बसलेली असते आणि कुणाला पत्ताही नसतो. माझ्या बाबतीत पत्ता लागला. टेबलाखाली पडलेलं पेन उचलायला वाकले आणि साठ-सत्तर मिली दूध पोटावरून ओघळत कमरेपर्यंत गेलं. दोष मशीनचा नव्हता, यात बरेच पंप ताठ बसूनच वापरायचे असतात. पण तो दिवस मी शाल गुंडाळून काढला. बोंड नेमकं मधोमध बसलंय का हे बऱ्याच मॉडेलांत नीट दिसत नाही, कपात दूध थोडंच मावतं, आणि कित्येकींना यातून डबल पंपापेक्षा कमी दूध मिळतं. मी तो दुसरा पंप म्हणूनच सुचवेन. अपवाद एक: काम असं की उठताच येत नाही, बसायला खोली नाही, गाडीतच वेळ मिळतो. मग हाच घ्या. रोज वापरला जाणारा सुमार पंप कपाटात पडलेल्या उत्तम पंपापेक्षा कामाचा.

सिलिकॉनचा चिकटून बसणारा कप हा पंप नव्हे. एका बाजूला बाळ पीत असताना दुसऱ्या बाजूने गळणारं दूध तो गोळा करतो. घरी छान, ऑफिसात निरुपयोगी.

जाता जाता: इलेक्ट्रिक पंपाच्या सुरुवातीच्या शोधकांत एडवर्ड लास्कर हा बुद्धिबळपटू होता. पेशाने इंजिनिअर, १९२०च्या दशकात त्याने यावर काम केलं. पुढची चाल आधी ओळखायची सवय इथेही कामी आली असावी.

चारही पंपांपेक्षा मोठी गोष्ट: फ्लँज

छातीवर बसतं ते नरसाळं म्हणजे फ्लँज. खोक्यात बहुतेक वेळा २४ किंवा २८ मिमीचं येतं आणि पुष्कळ बायकांना त्याहून लहान लागतं. बोंडाच्या बुडाशी रुंदी मिलिमीटरमध्ये मोजा. भोवतालचा काळा भाग नरसाळ्याच्या नळीत ओढला जात असेल तर फ्लँज मोठं आहे. बोंड कडांना घासून लाल-पांढरं होत असेल तर लहान. मी तीन आठवडे "माझं दूधच आटलं" म्हणून रडत होते. निघालं काय, तर २८चं फ्लँज लावत होते आणि लागत होतं २१चं. दोन महिन्यांनी पुन्हा दूध घटलं, तेव्हा चोचीसारखा रबरी व्हॉल्व्ह सैल पडला होता. बारीकसा तुकडा, पण तो झिजला की ओढ जाते. नवा घातला आणि दूध पूर्वीसारखं यायला लागलं. दूध कमी झालं की आधी व्हॉल्व्ह बघायचा, स्वतःला दोष नंतर. जोर वाढवून जास्त दूध येत नाही, आणि दुखलं तर पान्हाच आवळतो.

पान्ह्याचं तंत्र मनाशी बांधलेलं आहे. बाटलीकडे टक लावून थेंब मोजत बसलं की तो सुटत नाही. मी बाटलीवर बाळाचा मोजा चढवून ठेवायचे, म्हणजे किती झालं ते दिसायचंच नाही. फोनवर त्याचा व्हिडिओ लावला की मिनिटभरात काम व्हायचं.

ताजं की गोठवलेलं

जमेल तिथे ताजंच. आज काढलेलं उद्या पाजायचं, शुक्रवारचं सोमवारी. ताजं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास, फ्रीजमध्ये चार दिवस, फ्रीझरमध्ये सहा महिने उत्तम राहतं. खोली जास्त गरम असेल तर चार तासांची वाट बघू नका. गोठवायचं तर साठ-साठ मिलीच्या चपट्या पिशव्या करा, लवकर वितळतात आणि वाया कमी जातं. फ्रीजमध्ये वितळवलेलं २४ तासांत संपवायचं, परत गोठवायचं नाही. गरम करायला कोमट पाण्याचं भांडं पुरतं. मायक्रोवेव्ह नको, दूध मधेच कुठेतरी पोळेल एवढं तापतं. बाळाने तोंड लावलेलं उरलं तर दोन तासांत वापरा, नाहीतर ओतून द्या. साय वेगळी होऊन वर आली तर ते नासलं असं नाही, हलकेच गोल फिरवलं की मिसळते.

फ्रीझर भरण्याआधी एकच पिशवी गोठवून, वितळवून चव बघा. काहींच्या ठेवलेल्या दुधाला लायपेज या एन्झाइममुळे साबणासारखा वास येतो. अपाय काही नाही, पण बाळ तोंड फिरवू शकतं. चाळीस पिशव्या भरल्यावर हे कळणं फार जिवाला लागतं.

बाटली की वाटी

इथे निर्णय तुमचा कमी आणि सांभाळणाऱ्याचा जास्त. वाटी-चमचा किंवा छोटा कप धुवायला सोपा, आणि बाळाला बाटलीच्या सोप्या धारेची सवय लागण्याचा प्रश्न नाही. पण सांडतं, आणि पाजणाऱ्याला धीर लागतो. बाळ सहा महिन्यांच्या पुढचं असेल तर बाटली शिकवूच नका, थेट कपावर जा.

बाटली घेतलीत तर सगळ्यात सावकाश धारेचं निपल घ्या. बाळाला टेकवून बसवायचं, बाटली जवळपास आडवी, मधे मधे थांबायचं, पंधरा-वीस मिनिटं लावायची. आमच्याकडे पहिल्या आठवड्यात शंभर मिली पाच मिनिटांत गट्ट व्हायचं आणि मला फोन यायचा, "अजून मागतंय, दूध पुरत नाही." पाजायची पद्धत बदलली, तेच शंभर मिली पुरलं. घाईत पाजलेली बाटली आईचं दूध "कमी" ठरवते.

सवय दोन-तीन आठवडे आधी लावा, तुम्ही खोलीबाहेर असताना आणि बाळ भुकेने कळवळण्याआधी. काही बाळं दिवसभर जेमतेम पितात आणि रात्री भरपाई करतात. थकवणारं आहे, पण वजन वाढत असेल तर चिंता नको.

आणि दिवसा वरचं दूध दिलं तर?

हा पर्याय लोक कुजबुजत विचारतात, म्हणून उघड लिहिते. सकाळ-संध्याकाळ-रात्र अंगावर आणि दिवसा फॉर्म्युला, असंही करता येतं. दूध थोडं घटेल, पण पुष्कळींचं महिनोन् महिने टिकतं. फक्त एकदम थांबू नका, काही दिवसांच्या अंतराने एकेक वेळ कमी करा, नाहीतर छाती दाटते, गाठी होतात. गाठीवर जोरात चोळणं आणि जास्त जास्त पंप करणं आता सांगत नाहीत, गार शेक द्यायला सांगतात. ताप आला, लाल झालं, तर डॉक्टर. पावडर डब्यावरच्या मापानेच मिसळायची, पातळ करून पुरवायची नाही. तीनदा दात-ओठ खात पंप करण्यापेक्षा दोनदा पंप आणि एक बाटली फॉर्म्युला मला केव्हाही पटते.

ऑफिसात मागायला लाजू नका. १९१९च्या आंतरराष्ट्रीय श्रम कराराने कामाच्या वेळेत दिवसातून दोनदा अर्धा तास पाजण्यासाठी धरला होता. २०००च्या करारात ही सुट्टी कामाच्याच वेळेत मोजून पगारासह द्यायची आहे. आपल्या देशाने काय स्वीकारलंय ते बघा आणि रुजू होण्याआधी लेखी विचारा: कडी असलेली खोली, प्लग, बेसिन, फ्रीज. टॉयलेट ही खोली नव्हे.

आणि आदल्या आठवड्यात एक दिवस रंगीत तालीम करा: पाच तास बाहेर, पंप पिशवीत, बाळ सांभाळणाऱ्याकडे. माझ्या तालमीत पंप, वायर, बर्फाची पिशवी सगळं बरोबर होतं, फक्त बाटल्यांची झाकणं घरी ओट्यावर राहिली होती.